सासूबाईंचा मऊ सी

आमच्या सासूबाईंचे दात गेले आणि घर शांत झालं. हे वाक्य एका सुनेने लिहिलंय म्हटल्यावर लोक गालातल्या गालात हसणार, मला माहीत आहे. खुशाल हसा. पण ती शांतता एक आठवडाभर भोगून बघा आणि मग बोला.

सासूबाई म्हणजे इंग्रजीच्या बाई. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला. दोन लांब बाकं, एक फळा आणि एक खुर्ची, जिच्यात त्या कधी टेकायच्या नाहीत. व्याकरण, निबंध, सगळं शिकवायच्या, पण खरा जीव उच्चारांत. त्यातही सी या अक्षरात. त्यांचं म्हणणं, सी मुळात कडक स्वभावाचा. कॅट, कप, कोट. पण त्याच्यामागून ई, आय नाहीतर वाय आली की हा गडी विरघळतो. सेंटर, सिटी, सायकल.

असं का, म्हणून एखाद्या मुलाने विचारलं की त्या म्हणायच्या, "माझा म्हण. आता माझी म्हण. झ तोच ना? मग जीभ का हलली? एक चमचा म्हण, दोन चमचे म्हण. आपला च सुद्धा ए दिसली की मऊ होतो. मग इंग्रजांच्या सीने काय घोडं मारलंय?" मग सगळा क्लास चमचा, चमचे करत आपापल्या तोंडात जिभेचा माग काढत बसायचा. नियम असा डोक्यात बसायचा की परत सांगावा लागायचा नाही.

जीचंही तेच. गार्डन कडक, जेंटलमन मऊ. तेवढ्यात कुणीतरी आगाऊ कार्टं 'गिफ्ट' हा शब्द काढायचंच. "तो जावई," सासूबाई म्हणायच्या. "गिफ्ट, गेट, गर्ल, हे सगळे या घरचे जावई. त्यांना नियम लावायचे नसतात." हे त्या आमच्या नणंदेच्या नवऱ्यासमोरही म्हणायच्या, आणि तो बिचारा मान डोलवायचा.

शब्दाला शेपूट लागलं की काय होतं, हाही त्यांचा आवडता धडा. इलेक्ट्रिकचा शेवटचा सी कडक, इलेक्ट्रिसिटीत तोच मऊ. क्रिटिक म्हणजे टीका करणारा माणूस, क्रिटिसिझम म्हणजे त्याची टीका. माणूस कडक, टीका मऊ. माझ्या बाबतीत मात्र दोन्ही कडकच असायचं.

मी या घरात आले तेव्हा माझं इंग्रजी यथातथाच होतं. सासूबाईंनी मला भांडी पुसता पुसता शिकवलं. मी आज ट्रॅव्हलच्या ऑफिसात काउंटरवर बसते, ती त्यांच्याच जिवावर. दिवसभर माझ्या तोंडात एकच शब्द असतो, कॅन्सल. पहिला सी कडक, दुसरा मऊ. एकदाही चुकत नाही.

तर अशा बाईंच्या हिरड्या बिघडल्या, पुढचे दात हलायला लागले, मागचे आधीच गेलेले, आणि शेवटी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी राहिलेले सगळे काढून टाकले. तोंडाचं बोळकं झालं. घरी आल्यावर सासूबाईंनी 'सिटी' म्हणून बघितलं, ते 'फिटी' असं काहीतरी बाहेर पडलं. त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि बोलणंच बंद केलं. जेवणाच्या टेबलावर एक पाटी आली. पाटीवर 'मीठ कमी'. पाटीवर 'पंखा'. माझ्या नवऱ्यासाठी नुसतं 'दाढी'. टोमणे मारायलासुद्धा माणसाला आवाज लागतो हो. पाटीवरचा टोमणा अंगावर येत नाही, त्याला उलटून उत्तरही देता येत नाही. मी दोन वेळा प्रयत्न केला, त्यांनी पुसून टाकलं.

क्लास बंद पडला. पालक येऊन चौकशी करून जात. समोरच्या रस्त्यावर एसी लावलेला एक नवा क्लास निघाला होता, तिकडे हळूहळू मुलं वळायला लागली. कवळी आली की सुरू करू ना, असं मी म्हटलं, तेव्हा पाटीवर उत्तर आलं, 'मऊ सी आला तर. नाही आला तर कायमचा बंद.' आणि सासूबाई लिहितात तसंच करतात. म्हणून त्या कवळीवर माझा जीव टांगलेला होता. क्लासशिवाय ती बाई पाटीसारखी कोरडी होत चालली होती आणि मला ते बघवत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्याकडे नव्यानेच आलेल्या. दात काढायचं आणि मापं घ्यायचं काम त्यांचं, पण कवळी बनवणारा वेगळा. तो दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसायचा. टेबलावर प्लास्टरचे जबडे, मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा छोटा दिवा, आणि खणांच्या डब्यात मापाप्रमाणे लावून ठेवलेले दात. सासूबाईंना बघून तो उठून उभाच राहिला. त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, शेवटच्या बाकावरचा.

कवळी एकदम पक्की करत नाहीत, हे मला तिथे कळलं. आधी दात मेणात बसवतात, तोंडात घालून बघतात, माणसाला बोलायला लावतात. जिथे अडेल तिथला दात जरा इकडे, जरा तिकडे. सगळं जमलं की मग पक्की. बोलायला काय लावायचं ते कवळीवाल्याचं ठरलेलं होतं. "बाईंनी शिकवलेलेच शब्द म्हणून घेतो मी सगळ्यांकडून," तो म्हणाला. सासूबाईंनी रुमालाआडून मान हलवली, पण त्यांना बरं वाटलं हे मला दिसलं.

त्याने बाईंसाठी उत्तमातले दात निवडले होते. सगळे एका रेषेत, मोत्यांसारखे. पूर्वी सासूबाईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती, पेन्सिलीचं टोक जाईल एवढी. ती अर्थातच त्याने ठेवली नव्हती. पैसे देऊन फट कोण बसवून घेतं? सासूबाईंनी आरशात बराच वेळ बघितलं. मग त्या उठल्या, फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशा उभ्या राहिल्या, ओठ दोन्ही बाजूंना ताणले आणि म्हणाल्या, "सिटी."

"नाही," त्याच म्हणाल्या.

"नाही," कवळीवालाही म्हणाला.

मीसुद्धा मान हलवली. काहीतरी राहून गेलं होतं. त्यांचा मऊ सी कसा यायचा, तर आधी एक बारीकशी शीळ आणि तिच्या पाठोपाठ अक्षर. आम्हा सगळ्यांच्या लेखी मऊ सी म्हणजे तोच. हा नवा सी सरळ आला, सपाट, नुसतं पाणी.

कवळीवाला कामाला लागला. दिवा पेटवला, मेण ऊन केलं, दात किंचित आत घेतले, मग बाहेर, मग तिरके. कडक सीने पहिल्याच फेरीत शरणागती दिली, कॅट, कप, कोट सगळे हजर. मऊ काही बधेना. आम्ही तीनदा त्या खोलीत गेलो. "मी म्हणतो तसं, बाई," असं म्हणून कवळीवाला स्वतः 'सिटी' म्हणायचा, शिळेसकट, झक्क. सासूबाई त्याच्याकडे कौतुकाने आणि हेव्याने बघायच्या. आपल्याच विद्यार्थ्याचा हेवा करायची पाळी यावी, म्हणजे बघा.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई दारात आल्या. थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "अहो, उच्चार तर स्वच्छ येतोय. अजून काय हवंय?"

"तुमचं शिक्षण कुठे झालं?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कुठल्यातरी मोठ्या कॉलेजचं नाव सांगितलं.

"तरीच," सासूबाई म्हणाल्या. मला मनापासून आनंद झाला. कितीतरी दिवसांनी टोमणा ऐकला होता.

तेवढ्यात कवळीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, तुमच्या पुढच्या दातांत फट होती. तीच ठेवून बघू?" त्याने तापलेल्या सुरीने पुढचे दोन दात अलगद दूर केले, मेण गार होऊ दिलं. सासूबाईंनी कवळी घातली. "सिटी." शीळ आली. तीच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. कवळीवाल्याने दिव्यावर फुंकर मारायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. उद्या पक्की करून टाक, असं सासूबाईंनी त्याला सांगितलं. फटीत अन्न अडकेल, उच्चाराला फट लागत नाही, पक्की झाली की मग बदलता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई सांगत होत्या, पण त्यांचं ऐकतो कोण.

संध्याकाळी घरी आल्यावर मला राहवेना. डॉक्टरीणबाईंना तोंडावर पुरावा दाखवायचा, म्हणून मी मोबाइलवर इंग्रजी डिक्शनरी उघडली. तिच्यात शब्दापुढचं चिन्ह दाबलं की उच्चार ऐकू येतो. "आई, ऐका आता," म्हणून मी मोठ्या रुबाबात 'सिटी' दाबलं.

सिटी, फोनमधली बाई म्हणाली. सरळ. सपाट.

"फोन बिघडलाय," सासूबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या.

मी नवऱ्याचा फोन आणला. इंग्लंडचा उच्चार लावला, अमेरिकेचा लावला. सेंटर लावलं, सायकल लावलं, मेडिसिन लावलं. एकालाही शीळ नाही. टीव्हीवरच्या बायका अशाच बोलतात हे मी इतकी वर्षं ऐकत होते. त्या घाईत बोलतात म्हणून सीचा मान ठेवत नाहीत, असं सासूबाईंनीच सांगितलं होतं, आणि मला ते पटलंही होतं.

"आता तू म्हण," त्या म्हणाल्या.

"सिटी," मी म्हटलं. शीळ ऐटीत आली.

त्यांनी मला हाताला धरून ट्यूबलाइटखाली नेलं. हनुवटी वर केली. "तोंड उघड." मी उघडलं. बराच वेळ त्या माझ्या दातांकडे बघत राहिल्या. माझे दात चांगले आहेत, एकमेकांना घट्ट चिकटलेले, मधून दोरासुद्धा जात नाही.

"तुझ्या दातांत फट कुठाय?"

"नाही आई."

"मग शीळ कुठून येते?"

उत्तर आम्हा दोघींनाही कळलं होतं. सासूबाई त्या कधीच न वापरलेल्या खुर्चीत जाऊन बसल्या. "म्हणजे तो सी नव्हताच," त्या म्हणाल्या. "ती माझी फट होती. जन्मभर पोरांना मी माझी फट शिकवली." आई, त्याने काय होतंय, असं काहीतरी मी बोलायला गेले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. वर्गात दंगा थांबवायच्या तसा.

सकाळी पाटीवर होतं, 'कवळी नको. क्लासचा बोर्ड काढा.' माझा नवरा आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याने लगेच स्क्रू ड्रायव्हर शोधायला घेतला. तो मी आधीच माझ्या ऑफिसच्या पर्समध्ये टाकला होता. मला इतका राग आला होता की काय सांगू. दातांचा राग, फोनचा राग, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? बाई फट लावून सुखाने शिकवत बसल्या असत्या.

ऑफिसला जायच्या आधी मी कवळीवाल्याला थांबवायला गेले. सगळं सांगितलं. तो आधी मान्यच करेना. मग त्याने बिनशिळेचा सी म्हणून बघितला. येईना. परत बघितला, येईना. मग त्याचा चेहरा एकदम पडला.

"वहिनी," तो म्हणाला, "मी सगळ्यांच्या कवळ्या शीळ येईपर्यंत घासतो."

"सगळ्यांच्या?"

"शीळ आली की मग पक्की करतो. इतकी वर्षं."

"आणि कुणी तक्रार केली नाही?"

"कशी करतील? ते नाहीतर त्यांची पोरं, कुणी ना कुणी बाईंकडेच शिकलेलं."

मी स्टुलावर बसून हसत सुटले. आमच्या गल्लीतले निम्मे म्हातारे पदरच्या पैशाने शीळ घालत होते. थोड्या वेळाने तोही हसायला लागला, पण हसताना त्याचं लक्ष टेबलावरच्या मेणातल्या दातांकडे होतं. "पण बाईंना असं बसू द्यायचं नाही," तो म्हणाला. "मी संध्याकाळी येतो."

तो एकटा आला नाही. बरोबर एक कंडक्टर होता, आणि सुटीवर आलेली एक नर्स. दोघंही सासूबाईंचे विद्यार्थी. तिघं त्या लांब बाकावर गुडघे वर घेऊन बसले, कारण बाकं लहान मुलांच्या मापाची. सासूबाई आतून आल्या. तोंडाला रुमाल नव्हता. पाटी नव्हती. दात नसलेल्या तोंडाने, अडखळत, पण सगळ्यांना कळेल असं त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. मऊ सीला शीळ नसते. मला माफ करा."

कंडक्टर छताकडे बघायला लागला. त्याला बाईंनी छडी मारलेली चालली असती, माफी त्याला झेपत नव्हती.

नर्स म्हणाली, "बाई, मी पहिल्या नोकरीला लांबच्या शहरात गेले तेव्हा तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. पहिल्याच दिवशी वॉर्डात मी 'मेडिसिन' म्हटलं आणि हेड नर्स गर्रकन वळली. म्हणाली, बाईंची का गं तू? ती तुमच्या शाळेतल्या पहिल्या तुकडीतली. तिने मला आपल्या घरी राहायला नेलं. मला खोली मिळाली ती तुमच्या शिळेवर."

सासूबाई ऐकत होत्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. मला वाटलं, आता जिंकलो. पण ती बाई आमची सासू आहे.

"ते सगळं ठीक," त्या म्हणाल्या. "पण चूक ती चूक. ज्या मुलांना अजून शिकवायचंय त्यांना मी ती देणार नाही." मग कवळीवाल्याकडे वळून, "फट बुजव. सरळ दात लाव. आणि आता तिघंही पाठ ताठ करा. जीभ खाली, ओठ ताणू नका, हवा हळू सोडा. म्हणा."

तिघांनी म्हटलं. तीन शिळा एकदम घुमल्या. परत म्हटलं, परत तीन. कंडक्टरची तर पूर्वीपेक्षा जोरात आली, सगळी बस थांबावी अशी. नर्सने तोंडावर हात घेतला, कवळीवाला बाकावरून घसरायच्या बेताला आला, आणि सासूबाई हसल्या. तोंडात एक दात नाही आणि ती बाई हिरड्या दाखवत पोट धरून हसत होती. माझा नवरा आतून धावत आला, काय झालं म्हणून. त्याने आईचं असं हसणं मी या घरात आल्यापासून बघितलं नसेल.

कवळी आली, सरळ, बिनफटीची. क्लास सुरू झाला. एसीकडे गेलेली मुलंही एकेक करून परत आली, कारण तिथले सर म्हणे नियम विचारला की पाठ कर म्हणतात. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी फळ्यावर सी काढला आणि नव्या दातांनी 'सिटी' म्हटलं. एक छोटी मुलगी उभी राहिली. "बाई, आधी तुम्ही वेगळा शिकवला होता."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "तो माझा होता. हा इंग्रजीचा आहे. आता हा शिका."

दाराआड मी उभी होते. आता या घरात मागे राहायचं नाही असं मी ठरवलं. ऑफिसात जेवणाच्या सुटीत फोन कानाला लावून मी 'कॅन्सल' घोकायला लागले. सगळ्यांना वाटायचं मी कुठल्यातरी गिऱ्हाइकाशी भांडतेय. जीभ खाली, ओठ सैल, हवा हळू. तोंड दुखलं, पण एक दिवस जमलं. सरळ, स्वच्छ, डॉक्टरीणबाईंनी शाबासकी द्यावी असं.

घरी आले ती तशीच सासूबाईंपुढे उभी राहिले. त्या मुलांच्या वह्या तपासत होत्या. "आई, ऐका. सिटी. सेंटर. कॅन्सल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बरोबर आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्यासाठी हा शब्द मी बोटावर मोजण्याइतक्या वेळा ऐकलाय. मी फुलून आत निघाले.

"ऐक," त्यांनी हाक मारली. "ऑफिसात असंच म्हण. घरात नको."

"का?"

"मला आता तो येत नाही," त्या वहीकडे बघत म्हणाल्या. "घरात कुणाच्या तरी तोंडी राहू दे."

मी ओठ ताणले, अगदी त्यांनी मला भांडी पुसताना शिकवलं होतं तसे, आणि 'सिटी' म्हटलं. सासूबाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून ऐकलं.